आपल्या भागातील उद्यान आणि क्रीडा केंद्रावर नागरिकांनी देखरेख कशी ठेवावी: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुणे महानगरपालिकेच्या ताब्यात दोनशेहून अधिक उद्याने आहेत. सारसबाग, संभाजी उद्यान किंवा सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान यांच्याकडे साऱ्या शहराचे लक्ष असते, त्यामुळे तिथे काही बिघडले तर बोभाटा लवकर होतो. तुमच्या इमारतीमागच्या वीस गुंठ्यांच्या बागेकडे मात्र तिथे रोज फिरणाऱ्यांशिवाय कोणाचेच लक्ष नसते, आणि त्यांतील बहुतेकांना कोणाला काय विचारावे हे माहीत नसते. गेली काही वर्षे मी माझ्या भागातील एका लहान उद्यानासाठी आणि त्याला लागून असलेल्या क्रीडा संकुलासाठी पाठपुरावा करते आहे. सुरुवातीचे वर्षभर मी चुकीच्या टेबलांवर अर्ज देण्यातच घालवले. ते वर्ष तुमचे वाया जाऊ नये, म्हणून हा क्रम सविस्तर लिहिते आहे.

आधी कायद्याची एक बाब समजून घ्या, कारण पुढच्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली आणि उद्याने, बागा, क्रीडांगणे या नागरी सुविधा नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांत नोंदल्या गेल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मात्र कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये अशी विभागणी आहे, आणि उद्याने व क्रीडांगणे या दुसऱ्या गटात मोडतात. पाणीपुरवठा किंवा मैलापाणी यांबाबत प्रशासनाला हात वर करता येत नाहीत, पण उद्यानाबाबत ‘तरतूद नाही’ हे उत्तर सहज देता येते. म्हणून उद्यानावरील देखरेख ही अखेरीस अंदाजपत्रक, निविदा आणि करारनामा या तीन कागदांवरील देखरेख असते. एकदा पैसे मंजूर झाले आणि ठेकेदाराशी करार झाला, की करारातील प्रत्येक अटीचा जाब विचारता येतो.

१. जागा कोणाच्या ताब्यात आहे, ते आधी शोधा

नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच चुकतो. हिरवळ आणि बाके दिसली की ते महापालिकेचे उद्यान आहे, असे आपण गृहीत धरतो. पुण्यात ते गृहीतक अनेक ठिकाणी फसते. एम्प्रेस गार्डन महापालिकेचे नसून अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ते सांभाळते. पुणे छावणी आणि खडकी छावणी यांच्या हद्दीतील बागा त्या त्या छावणी परिषदेकडे असतात. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आहे, तिचा उद्यान विभागही वेगळा आहे. टेकड्यांवर तर एकाच पायवाटेचा काही भाग वनविभागाकडे आणि काही महापालिकेकडे असू शकतो.

सोसायटीच्या आवारातील मोकळ्या जागेचा गोंधळ याहून अवघड असतो. मोठ्या भूखंडाचा अभिन्यास, म्हणजे त्यावरील इमारती, रस्ते आणि मोकळ्या जागांचा आराखडा, मंजूर होताना विकसकाला ठरावीक टक्के जागा, सर्वसाधारणपणे दहा टक्के, मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. ती जागा तेथील रहिवाशांच्या वापरासाठी असते आणि तिची निगा सोसायटीनेच राखायची असते, त्यामुळे तिच्यासाठी महापालिकेकडे माळी मागून उपयोग होत नाही. सुविधा क्षेत्र म्हणून महापालिकेकडे हस्तांतरित झालेला भूखंड आणि विकास आराखड्यातील उद्यानाचे आरक्षण असलेला भूखंड हे दोन्ही यापेक्षा निराळे प्रकार आहेत. आरक्षण असले म्हणजे जागा ताब्यात आलीच असे नाही. मूळ मालकाला मोबदला मिळून भूसंपादन पूर्ण होईपर्यंत तिथे महापालिकेला खड्डासुद्धा खणता येत नाही. ही बाब समजल्यावर आमच्या गटातील अनेकांचा राग निवला, कारण ज्या ओसाड भूखंडासाठी आम्ही उद्यान विभागाला दोष देत होतो तो त्या विभागाकडे आलेलाच नव्हता.

जागेची खातरजमा करण्यासाठी प्रवेशद्वारावरील फलक पाहा, महापालिकेच्या संकेतस्थळावरील विकास आराखड्याचा नकाशा पाहा, आणि सर्व्हे क्रमांक माहीत असल्यास सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका मिळवा. आरक्षणाबाबत लेखी पुरावा हवा असेल, तर बांधकाम विकास विभागाकडून झोन दाखला घेता येतो.

२. काम कोणत्या विभागाचे, ते ठरवा

उद्यानात दिसणारी प्रत्येक वस्तू उद्यान विभागाची नसते. झाडे, हिरवळ, पाणी देणे, माळी आणि सुरक्षारक्षक यांचा कारभार उद्यान विभागाकडे, म्हणजे मुख्य उद्यान अधीक्षक आणि त्यांच्या हाताखालील उद्यान निरीक्षकांकडे असतो. दिवे विद्युत विभागाकडे असतात. सीमाभिंत किंवा स्वच्छतागृह भवन विभागाने किंवा क्षेत्रीय कार्यालयाने बांधलेले असू शकते. जलतरण तलाव आणि मैदाने यांचा संबंध क्रीडा विभागाशी येतो. एखाद्या संस्थेला भाडेकराराने दिलेली व्यायामशाळा किंवा समाजमंदिर असेल, तर मालमत्ता व्यवस्थापन विभागाची फाईल पाहावी लागते. प्रवेशद्वाराबाहेरच्या हातगाड्यांचा प्रश्न अतिक्रमण विभागाचा आहे.

याचे एक उदाहरण सांगते. आमच्या उद्यानातील लहान मुलांच्या झोपाळ्याची साखळी ज्या कडीला अडकवलेली असते, ती कडी झिजून निम्मी राहिली होती. आतल्या बाजूने पाहिले तर लोखंड चकचकीत दिसत होते आणि झोका पुढे गेला की करकर आवाज येत होता. मी कडीशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढले आणि उद्यान विभागाच्या नावे तक्रार केली. काही दिवसांनी पुन्हा केली, आणि त्यानंतर आणखी एकदा. अखेर एका निवृत्त अभियंता काकांनी सुचवले की हा झोपाळा कोणत्या कामातून बसवला ते आधी पाहा. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सोपवणाऱ्या लेखी आदेशाची, प्रत मिळवल्यावर कळले की खेळणी दुसऱ्याच विभागाच्या निधीतून बसवलेली होती आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी अजून चालू होता, म्हणजे त्या मुदतीतील दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करून देणे बंधनकारक होते. कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख घालून चौथे पत्र दिले, आणि त्याच आठवड्यात दोन्ही झोपाळ्यांच्या कड्या बदलल्या गेल्या. आधीच्या तीन तक्रारींतही मजकूर तोच होता, फक्त त्यांत कार्यादेशाचा क्रमांक नव्हता.

३. महिनाभर पाहणी करा आणि वही ठेवा

तक्रारीची घाई करू नका. चार आठवडे वेगवेगळ्या वेळी उद्यानात जा. बहुतेक उद्याने सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात व दुपारी बंद राहतात, त्यामुळे फलकावरील वेळ लिहून घ्या आणि प्रत्यक्षात दार कधी उघडते तेही टिपून ठेवा. किती माळी कामावर होते, पाणी टँकरने आले की विंधन विहिरीचे होते, कोणते दिवे बंद होते आणि त्यांच्या खांबांवर कोणते क्रमांक रंगवलेले आहेत, पालापाचोळा खड्ड्यात टाकून त्याचे खत करतात की पोत्यांत भरून बाहेर नेतात, अशा नोंदी तारीख व वेळेसह करा. फोटोत दुसऱ्यांची मुले येणार नाहीत याची काळजी घ्या.

माळ्यांशी सौजन्याने बोला. बहुतेक उद्यानांची देखभाल ठेकेदारामार्फत होते, आणि तेथील कामगाराला सर्वांत आधी माहीत असते की पंप कधीपासून बंद आहे किंवा खुरपी-कात्र्या कोणाकडून मिळत नाहीत. त्याचे नाव मात्र तक्रारीत कधीही घालू नका. व्यवस्थेच्या चुकीसाठी सर्वांत कमी पगाराच्या माणसाला नोटीस मिळाली, तर तुमची देखरेख अन्यायाचे साधन होऊन बसेल.

४. तक्रार करा आणि पोच घ्या

साध्या गोष्टींसाठी पीएमसी केअर हे महापालिकेचे ॲप पुरेसे आहे. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. एका तक्रारीत एकच विषय घ्या. दिवा, झोपाळा आणि कचरा एकत्र लिहिले, तर त्यांतील एका विषयाचे काम झाले की सगळी तक्रार बंद होते. तक्रार बंद झाल्याचा संदेश आल्यावर स्वतः जाऊन पाहा, आणि काम झालेले नसेल तर त्या दिवसाचा फोटो जोडून ती पुन्हा उघडण्याची मागणी करा.

गंभीर बाबींसाठी क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. पुण्यात अशी पंधरा क्षेत्रीय कार्यालये आहेत, आणि तुमचे कार्यालय कोणते हे मिळकतकराच्या बिलावरून किंवा जवळच्या महापालिका कार्यालयात विचारून कळते. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ असे कोणी म्हणाले, तरी शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजले जाते.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे मोजकीच आहेत: तुमचा पत्ता दाखवणारा एखादा पुरावा, तारखेसह फोटो, आधीच्या तक्रारींचे क्रमांक, जागेचा सर्व्हे क्रमांक किंवा ठळक खूण, आणि शक्य असल्यास उद्यानात नियमित येणाऱ्या दहा-पंधरा जणांच्या सह्या. सह्यांमध्ये ज्येष्ठ नागरिक संघ, योगवर्ग किंवा हास्यक्लब यांचे प्रतिनिधी असले तर अर्जाला वजन येते.

एवढे करूनही उत्तर न आल्यास दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनाचा उपयोग करा. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि आधीच्या पाठपुराव्याची कागदपत्रे जोडावी लागतात. शिक्क्याची प्रत इथे कामी येते.

५. माहितीच्या अधिकारातून मूळ कागद मिळवा

हा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करायचा, त्यावर दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावायचा आणि संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते, पण तिच्यामुळे नेमका कागद मागण्याची सवय लागते.

नव्या अर्जदाराची नेहमीची चूक म्हणजे ‘का’ विचारणे. ‘उद्यानाकडे दुर्लक्ष का होते?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण कायद्यानुसार अधिकाऱ्याने उपलब्ध असलेली माहिती द्यायची असते, स्पष्टीकरण तयार करायचे नसते. त्याऐवजी उद्यानाचे नाव आणि आर्थिक वर्ष लिहून देखभालीच्या निविदेच्या अटी-शर्ती, कार्यादेश, कामगारांचे हजेरीपत्रक, मोजमाप पुस्तकातील (अभियंता झालेल्या कामाची नोंद ज्यात करतो त्यातील) संबंधित पाने आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती मागा. पाच कागद समोर ठेवले की चित्र आपोआप स्पष्ट होते. अटींमध्ये दररोज चार माळी नमूद असतील, हजेरीपत्रकात चार नावे असतील, आणि तुमच्या वहीत महिन्यातील बावीस दिवस दोनच माळी दिसल्याची नोंद असेल, तर पुढच्या पत्रात काय लिहायचे हे कोणी सांगावे लागत नाही.

जन माहिती अधिकाऱ्याची कचेरी चुकली म्हणून अर्ज परत करता येत नाही. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवून तसे तुम्हाला कळवावे लागते. प्रतींसाठी दर पानाला दोन रुपये पडतात, म्हणून मोठी फाईल असेल तर आधी अभिलेख पाहण्याची मागणी करा आणि हवी तीच पाने घ्या. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली होती आणि २०१८ मध्ये राज्य शासनानेही इतर कार्यालयांना तसे करण्यास सांगितले. फाईल पाहताना तिच्यातील टिपणीची पाने अवश्य वाचा, कारण कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला हे तिथेच दिसते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा मुद्रांक लावून प्रथम अपील करा. त्यानंतरचे दुसरे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे करता येते, परंतु तिथे सुनावणीला वेळ लागतो, आणि माझा अनुभव असा की नीट लिहिलेल्या अर्जाला प्रथम अपिलापर्यंत बहुधा कागद मिळतात.

६. तलाव, व्यायामशाळा आणि विरंगुळा केंद्रांसाठी करार पाहा

बाबुराव सणस क्रीडांगण किंवा नेहरू स्टेडियम यांसारख्या मोठ्या सुविधांपासून पेठेतील लहान व्यायामशाळेपर्यंत महापालिकेच्या मालकीच्या अनेक वास्तू आहेत. त्यांतील काही महापालिका स्वतः चालवते आणि काही ठेकेदाराला किंवा संस्थेला चालवायला देते. दुसऱ्या प्रकारात पोहण्याचे शुल्क किती, विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत किती, सामान्य नागरिकांसाठी कोणते तास राखीव, जीवरक्षक किती आणि पाण्याची तपासणी किती दिवसांनी, हे सर्व करारनाम्यात लिहिलेले असते. ‘इथे फक्त वार्षिक सदस्यांना प्रवेश आहे’ असे दारावर कोणी सांगितले, तर वाद न घालता दरपत्रकाच्या फलकाचा फोटो घ्या आणि करारनाम्याची प्रत मागवा. सार्वजनिक वास्तू हळूहळू खासगी क्लबासारखी होत जाणे हा सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो हळूहळू घडत असल्यामुळे कोणाच्या डोळ्यावर येत नाही. कराराची मुदत केव्हा संपते ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नव्या अटी ठरतात त्या वेळी सूचना दिल्या तर त्यांचा विचार होऊ शकतो, मुदतवाढ मिळून गेल्यावर काही करता येत नाही.

तुम्हाला स्वतः उद्यानात वाचनकट्टा, मुलांचे शिबिर किंवा दिवाळी पहाट करायची असेल, तर उद्यान विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. ध्वनिवर्धक लावणार असाल तर पोलिसांचीही परवानगी लागते.

७. झाडाला लावलेली नोटीस दिसली तर त्याच दिवशी वाचा

महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते आणि त्यासाठी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. हरकतीची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. नोटिशीचा क्रमांक, झाडाची जात आणि तोडण्याचे कारण उतरवून घ्या आणि हरकत लेखी द्या. फक्त ‘झाड तोडू नये’ असे न लिहिता, फांद्यांची छाटणी किंवा पुनर्रोपण हा पर्याय का शक्य आहे ते मांडा.

८. अंदाजपत्रकाच्या वेळापत्रकाप्रमाणे मागणी करा

उद्यानासाठी मोठी मागणी असेल तर ती मार्च महिन्यात करून उपयोग नाही, कारण तोवर पुढील वर्षाचे पैसे वाटले गेलेले असतात. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग हा उपक्रम चालवला आहे. साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालये व संकेतस्थळामार्फत सूचना मागवल्या जातात, आणि अलीकडच्या वर्षांत एका कामाची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत राहिली आहे. बाके, पायवाटेची दुरुस्ती, दिवे, पिण्याच्या पाण्याची सोय अशी कामे या रकमेत बसतात. अर्जात जागेचा नेमका पत्ता आणि जागा महापालिकेच्या ताब्यात असल्याचा उल्लेख करा. अंदाजे खर्च कनिष्ठ अभियंत्याला विचारून घ्या. पहिली पायरी न करता दिलेले कित्येक प्रस्ताव ‘जागा ताब्यात नाही’ या एका शेऱ्यावर दफ्तरी दाखल होतात.

अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर ते उघडून आपल्या प्रभागाची पाने वाचा. त्यातील ‘स’ यादी हा शब्द लक्षात ठेवा, कारण नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातील कामे तिच्यात असतात. दुसरा शब्द वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेली रक्कम मंजुरी घेऊन दुसऱ्या कामाकडे वळवण्याला वर्गीकरण म्हणतात, आणि उद्यानाचा निधी अशा रीतीने सीमाभिंतीला किंवा रस्त्याला गेल्याचे कळेपर्यंत वर्ष संपलेले असते. म्हणून स्थायी समिती आणि मुख्यसभा यांच्या कार्यपत्रिकांवर वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत विशेष लक्ष ठेवा. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार राहिला, आणि त्या काळात हेच निर्णय प्रशासकांच्या सहीने होत असत, तरी त्यांचे ठराव कागदावर येतच होते आणि ते मागता येत होते.

काम मंजूर झाले की कार्यादेशाची प्रत मागा, आणि काम चालू असताना त्यातील वस्तूंची यादी बरोबर ठेवा. देयक निघण्याआधी अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो. त्या नोंदीत आठ बाके असतील, तर संध्याकाळी उद्यानात जाऊन आठ बाके मोजा, त्यांतील प्रत्येकावर एकदा बसून पाहा, आणि एखादे डुगडुगत असेल तर दुसऱ्याच दिवशी कार्यादेशाच्या क्रमांकासह पत्र आवक विभागात द्या.